विचारायला आले तेव्हा मुक्काम आधीच हलला होता

तुमच्या अभ्यासगटाचा प्रश्न थोडक्यात असा: बायबलमधल्या यिर्मयाच्या पुस्तकात, ४२व्या अध्यायात, यहूदातले उरलेसुरले लोक यिर्मया संदेष्ट्याकडे येतात. आमच्यासाठी प्रार्थना कर, देव सांगेल तसं वागू म्हणतात, वर शपथही घेतात. दहा दिवसांनी उत्तर मिळतं, ते त्यांना रुचत नाही आणि ते मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, निघून जातात. आज्ञा मोडली हे कबूल. पण यिर्मया त्यांना विचारण्याबद्दलच दोष देतो, तो का? देवाला विचारणं चुकीचं कसं असेल? आणि पाळकाकडे आज कोणी असंच विचारायला आलं तर त्याने काय करावं?

मी बरीच वर्षं मंडळीत पाळकाचं काम करतो आहे. उपदेश आठवड्यातून एकदा असतो. ‘पास्टर, काय करू सांगा’ मात्र रोज असतं. त्यामुळे हा अध्याय मी व्यासपीठापेक्षा घरभेटींच्या अंगाने जास्त वाचला आहे.

आधी एक मतभेद नोंदवतो. या लोकांना ढोंगी ठरवून मोकळं होण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मनात एक, ओठावर एक, म्हणून देवाने शिक्षा केली, असा सरळ हिशोब. मला तो पटत नाही. शपथ घेताना ते जाणूनबुजून खोटं बोलत होते असं मजकुरात कुठेच नाही. ४२:२० मध्ये, म्हणजे ४२व्या अध्यायाच्या २०व्या ओळीत, यिर्मया जो आरोप करतो त्याचा रोख असा, की तुम्ही स्वतःचीच दिशाभूल करून घेतलीत आणि ती तुमच्या जिवावर बेतणार आहे. दुसऱ्याला फसवणारा माणूस सापडतो तरी. जो स्वतःलाच फसवून आलेला असतो तो अगदी निर्मळ चेहऱ्याने समोर बसतो आणि त्याच्या डोळ्यांत खरं पाणी असतं.

हे कसं घडलं ते कळायला ४२व्या अध्यायाच्या आधी जावं लागतं. इ.स.पू. ५८७ किंवा ५८६ मध्ये यरुशलेम पडलं. बाबेलचा राजा नबुखद्रेस्सर याने देशात उरलेल्या गोरगरिबांवर अहीकामाचा मुलगा गदल्या याला अधिकारी नेमलं. राजधानी जळून गेली होती, म्हणून कारभार मिस्पातून चालला, यरुशलेमच्या उत्तरेला साधारण १२ किलोमीटरवरून. सुरुवात बरी झाली. आसपासच्या देशांत पळालेले लोक परतले, द्राक्षारस आणि उन्हाळी फळं भरपूर जमा झाली. मग सातव्या महिन्यात राजघराण्यातला इश्माएल दहा माणसं घेऊन आला, गदल्याच्या पंक्तीला बसून जेवला आणि तिथेच त्याला ठार केलं. तिथले खास्दी, म्हणजे बाबेलचे, शिपाईही कापले. यहूदी समाज आजही नववर्षाच्या सणानंतर या खुनाच्या आठवणीचा उपास धरतो. यरुशलेमच्या पाडावाच्या उपासांच्या रांगेत एका अधिकाऱ्याच्या खुनाला जागा मिळाली, यावरून तो घाव किती खोल होता ते कळतं.

इश्माएल मिस्पातल्या लोकांना कैद करून शेजारच्या अम्मोन देशाकडे निघाला. कारेहाचा मुलगा योहानान आणि त्याचे सरदार पाठलागावर गेले, गिबोनच्या मोठ्या तळ्यापाशी त्याला गाठलं, लोकांना सोडवलं. इश्माएल आठ माणसांनिशी निसटला. इथे नकाशा उघडून बसा. गिबोनहून मिस्पा अगदी जवळ, चालत तास-दीड तासाच्या अंतरावर. सोडवलेल्या लोकांना घरी न्यायचं तर वाट तिकडची. योहानान तिकडे वळलाच नाही. शिपाई, बायका, मुलं, खोजे असा सगळा कबिला घेऊन तो उलट दक्षिणेला गेला, यरुशलेम मागे टाकलं आणि बेथलेहेमजवळ गेरूथ किम्हाम इथे उतरला. का, तेही ४१:१७ मध्ये दिलं आहे: मिसरात जाण्यासाठी.

आणि त्यानंतरच्या ओळींत ते यिर्मयाला विचारतात, आम्ही कुठल्या वाटेने जावं?

बायबलची अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली आहे आणि इथे ती नेमकी नको तिथे आली आहे. आपण ४२:१ पासून वाचायला घेतो, म्हणून आपल्याला दिसतात हात जोडून उभे असलेले लोक. सामान बांधून, उलट दिशेला वीसेक किलोमीटर चालून आलेले लोक दिसत नाहीत. तुमच्या गटातला वाद बहुधा इथूनच सुरू झाला असावा.

आता योहानानाबद्दल, कारण त्याच्याशिवाय ही गोष्ट कळत नाही आणि उपदेशांत त्याचं नावही सहसा येत नाही. हा माणूस मूर्ख नाही, भित्राही नाही. इश्माएल तुझा जीव घ्यायला येतोय, अम्मोन्यांच्या राजाने त्याला पाठवलंय, अशी पक्की बातमी गदल्याला त्यानेच दिली होती. गदल्याने ती खोटी ठरवली. (योहानानाने त्यावर सुचवलेला उपाय, म्हणजे गुपचूप जाऊन इश्माएलला मारून येतो, तोही गदल्याने नाकारला आणि ते मला योग्यच वाटतं.) पण बातमी खरी निघाली. म्हणजे योहानानाच्या पदरी काय अनुभव आला? आपला अंदाज बरोबर होता, वरच्याने ऐकलं नाही आणि माणसं मेली. असा अनुभव घेतलेल्या माणसाला पुढच्या वेळी कोणी ‘थांब’ म्हटलं तर त्याला तो गदल्याच बोलतोय असं वाटतं. मंडळीतही हे पाहतो. एकदा ज्याचा इशारा खरा ठरला तो सल्ला घेण्यासाठी सर्वांत अवघड माणूस होऊन बसतो.

त्याची भीतीही पोकळ नव्हती. बाबेलच्या राजाने नेमलेला अधिकारी मारला गेला, शिपाई मारले गेले. बाबेल सूड घेणार हे कोणीही सांगितलं असतं. नबुखद्रेस्सराच्या २३व्या वर्षी आणखी ७४५ यहूद्यांना नेल्याची नोंद ५२:३० मध्ये आहे आणि अनेक अभ्यासक ती याच खुनाशी जोडतात. तेव्हा ‘विश्वास नव्हता म्हणून घाबरले’ असं म्हणून त्यांना उडवून लावू नका. गदल्याच्या शेजारी तुम्ही-मी असतो तर आपलीही पावलं दक्षिणेलाच पडली असती.

मग चुकलं कुठे? निर्णय झाला होता, तरी प्रश्न असा मांडला की जणू झालाच नाही. हाच तो दोष. ते सरळ म्हणू शकले असते: यिर्मया, आम्ही मिसराला निघालोय, आम्हाला बाबेलची भीती वाटते, हे बरोबर आहे का? तो प्रामाणिक प्रश्न झाला असता आणि त्याचं उत्तर ऐकण्याची थोडी तरी शक्यता असती. त्यांनी विचारलं ‘कुठल्या वाटेने जावं’. राहण्याचा पर्याय त्या प्रश्नात मावतच नाही.

आणि विचारलं कोणाला, तेही बघा. यिर्मयाचं मत साऱ्या देशाला पाठ होतं. बाबेलपुढे मान तुकवा, हे तो वर्षानुवर्षं सांगत आला होता. त्यासाठी त्याने मार खाल्ला होता, चिखलाच्या हौदात उतरवला गेला होता. तो वेगळं काही सांगेल अशी आशा कोणी का धरावी? माझ्या मते त्यांना यिर्मयाचाच होकार हवा होता, कारण त्याच्या तोंडून होकार आला असता तर पुढे कोणी बोट दाखवू शकलं नसतं. बाबेलच्या बाजूने बोलणारा म्हणून बदनाम झालेला माणूस ‘जा’ म्हणाला, मग झालंच. आपल्याकडेही लोक सर्वांत कडक मामांकडे शेवटी जातात ते याच हिशोबाने. ते ‘हो’ म्हणाले की घरातले बाकीचे गप्प.

शपथेचं काय? यिर्मयाने ती मागितलीच नव्हती. तो एवढंच म्हणाला होता की मी प्रार्थना करीन आणि देव जे सांगेल त्यातलं काहीही लपवणार नाही. त्यावर लोकांनी आपणहून देवाला साक्षी ठेवलं: बरं असो वाईट असो, ऐकूच. माझा अनुभव असा की जो माणूस आल्या आल्या ‘तुम्ही सांगाल ते करीन, शब्दाबाहेर जाणार नाही’ म्हणतो त्याच्याबाबतीत मी सावध होतो. जो समोर बसून वाद घालतो, ‘पण पास्टर, असं कसं?’ म्हणतो, तो निदान उत्तराशी झगडतोय.

दहा दिवस उत्तर आलं नाही. या दहा दिवसांवर उपदेश ऐकले आहेत ते बहुतेक देवाच्या वेळेबद्दल. मला त्यात यिर्मया दिसतो. त्याच्याकडे स्वतःचं मत तयार होतं, तेच त्या संध्याकाळी ‘देव म्हणतो’ म्हणून ठोकून देणं सोपं होतं. गदल्याच्या बापाने, अहीकामाने, एकेकाळी त्याचा जीव वाचवला होता. म्हणजे गदल्याच्या खुनाने त्याचंही जवळचं माणूस गेलं होतं. तरी तो थांबला. सल्ला देणाऱ्याने शिकावं असं या अध्यायात काही असेल तर ते हे. आपण पाळक मंडळी चहाचा कप खाली ठेवायच्या आत देवाची इच्छा सांगून मोकळे होतो. पण त्या दहा दिवसांत कबिला किम्हामच्या मुक्कामावरच होता. मिस्पाला परत गेला नाही, माघारी एक पाऊल पडलं नाही. वाट पाहत होते खरे, पण मिसराच्या रस्त्यावर बसून.

उत्तर आलं ते गोड होतं, हे आपण विसरतो. राहाल तर तुम्हाला उभारीन, पाडणार नाही. लावीन, उपटणार नाही. ज्याला तुम्ही भिता त्या बाबेलच्या राजाला भिऊ नका, मी सोबत आहे. त्यांनी उल्लेखही न केलेली भीती उत्तराने नेमकी पकडली. आणि पुढचा इशारा: ज्या तलवारीला भिऊन पळताय ती मिसरात गाठेल, ज्या दुष्काळाला भिताय तो तिथेही मागे येईल. लोकांनी तोंड उघडायच्या आतच यिर्मया त्यांच्या नकाराबद्दल बोलू लागतो, म्हणून काही अभ्यासक ४२च्या शेवटच्या ओळी ४३:३ नंतर हव्यात असं मानतात. मला गरज वाटत नाही. समोरच्यांचे चेहरे वाचायला त्याला वेगळ्या साक्षात्काराची जरूर नव्हती.

नकार कसा दिला ते मुद्दाम वाचा. ‘देव चुकला’ असं कोणी म्हणत नाही, ‘आम्ही ऐकणार नाही’ असंही नाही. म्हणतात, तू खोटं बोलतोस, देवाने तुला पाठवलंच नाही. तुझा लेखनिक, नेऱ्याचा मुलगा बारूख, तुझे कान भरतोय, आम्हाला खास्द्यांच्या हाती द्यायला. म्हणजे शपथ शाबूत! देव सांगेल ते ऐकू म्हणालो होतो. हे देवाचं नाहीच, मग मोडलं काय? सल्ला नको असला की सल्लागाराच्या पाठीमागे कोणीतरी शोधावा लागतो. पाळकाच्या बाबतीत तो बारूख बहुतेक वेळा पाळकाची बायको असते.

याच पुस्तकात सिद्कीया राजाचीही गोष्ट आहे. तो यिर्मयाला चोरून बोलावतो आणि विचारतो, आणि यिर्मया सरळ म्हणतो की सांगितलं तर तू मला मारशील, सल्ला दिला तर ऐकणार नाहीस. पण सिद्कीयाचं दुखणं वेगळं. त्याला उत्तर पटतं, धीर होत नाही. बाबेलला आधीच जाऊन मिळालेले यहूदी आपली विटंबना करतील याची त्याला भीती. आणि इस्राएलच्या अहाब राजाचं तर उघडच होतं. मीखाया संदेष्टा माझ्याविषयी कधी चांगलं बोलत नाही म्हणून मला त्याचा राग येतो, असं तो यहूदाच्या यहोशाफाट राजासमोर म्हणतो. चारशे संदेष्ट्यांचे ‘हो’ हाताशी असताना एक ‘नाही’ त्याला नको होता.

मनात इच्छा घेऊन विचारायला जाऊच नये का? तसं मुळीच नाही. १ शमुवेल २३ मध्ये दावीद पाहा. पलिष्टी कईला गाव लुटताहेत, त्याला जायचं आहे हे दिसतंय. तो विचारतो, होकार मिळतो. त्याची माणसं म्हणतात, आम्ही इथे यहूदातच घाबरलोय, तिथे कुठे नेतोस? तो चिडत नाही, पुन्हा विचारतो. जातो, गाव वाचवतो. मग त्याच्या जिवावर उठलेला शौल राजा वेढा घालायला येतोय असं कळल्यावर दावीद जो प्रश्न विचारतो तो मला या सगळ्या विषयात सर्वांत मोलाचा वाटतो: ज्यांना मी आत्ता वाचवलं ते कईलाचे लोक मला शौलाच्या हाती देतील का? कोणाला ऐकायला आवडेल याचं उत्तर? उत्तर ‘हो, देतील’ असं येतं आणि तो सुमारे सहाशे माणसं घेऊन निमूट निघून जातो. कईलावाल्यांना एक शब्दही बोलत नाही. इच्छा दावीदालाही होती. पण जे उत्तर त्याला नको होतं ते बाहेर यावं असा प्रश्न त्याने स्वतः विचारला.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, मी काय करतो. देवाची इच्छा काय असं कोणी विचारलं की मी आधी बायबल उघडत नाही. विचारतो, आत्तापर्यंत काय काय करून झालंय? एक कुटुंब मुलाला परदेशी पाठवावं का म्हणून प्रार्थनेला आलं. बोलता बोलता कळलं की कर्ज मंजूर झालं होतं, एजंटला पैसे गेले होते, नातेवाइकांना निरोपाच्या जेवणाचं आमंत्रणही झालं होतं. मी रागावलो नाही. म्हटलं, मग आपण ‘जावं का’ ही प्रार्थना नको करायला. मुलगा जातोय. तो तिथे कसा राहील, कर्ज कसं फिटेल, मन लागलं नाही तर परत यायला वाट ठेवली आहे का, यासाठी करू. आई रडली. तिला मुळात पाठवायचंच नव्हतं आणि हे तोवर त्या घरात कोणी तिला विचारलंच नव्हतं. पुढे दोन तास जे बोलणं झालं ते खऱ्या प्रश्नाबद्दल झालं.

लग्नाच्या बाबतीत हे जास्त होतं. पत्रिका छापायला टाकून झाल्यावर ‘प्रभूची इच्छा दाखवा’ म्हणणारे येतात. तेव्हा विचारतो, मी ‘थांबा’ म्हटलं तर खरंच थांबाल? उत्तर ‘नाही’ असेल तर तसं कबूल करायला लावतो. त्यात कमीपणा नाही. निर्णय घेतलाय असं म्हणणाऱ्याला मी आशीर्वाद देऊ शकतो किंवा काळजी सांगू शकतो. पण निर्णय माझ्या किंवा देवाच्या नावावर टाकू देत नाही, कारण उद्या बिघडलं की हीच माणसं म्हणतात, पास्टरांनी सांगितलं होतं. दुसरं विचारतो, हे कोणाला विचारायचं टाळलंत? ते नाव काढायला वेळ लागतो, पण बहुतेक वेळा खरा सल्ला तिथेच असतो आणि मी त्यांना तिकडे पाठवतो.

काही पाळक म्हणतील, मग नकार देऊन मोकळं व्हावं, ‘तुमचं ठरलंय, माझ्याकडे कशाला आलात’. यिर्मयाने तसं केलं नाही. लोक खोटारडा म्हणाले, त्याला आणि बारूखाला सोबत ओढत मिसरातल्या तहपन्हेसला घेऊन गेले, तरी त्याने तिथे काम थांबवलं नाही. फारोच्या वाड्याच्या दाराशी दगड पुरून तो म्हणाला, नबुखद्रेस्सर आपलं सिंहासन याच्यावर मांडील. (त्या जागी, आजच्या तेल देफेन्ना इथे, पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी १८८६ मध्ये उत्खनन केलं आणि किल्ल्यासमोर विटांची फरसबंदी सापडली. तीच ती जागा असं पेट्री यांना वाटलं; मी त्यावर उपदेश उभारणार नाही.) इ.स.पू. ५६८-५६७ च्या सुमारास नबुखद्रेस्सराने मिसरावर स्वारी केल्याचा उल्लेख एका तुटक्या बाबेली लेखात आहे.

४४वा अध्याय मिसरातला, आणि तो गटात जरूर वाचा. तिथे लोक, आणि विशेषतः बायका, यिर्मयाला तोंडावर सांगतात: तुझं आम्ही ऐकणार नाही. आकाशराणी देवीला धूप जाळत होतो तेव्हा पोटभर खात होतो. ते थांबवल्यापासून तलवार आणि दुष्काळानेच आमचा नाश चाललाय. कठोर बोलणं आहे, चुकीचंही आहे. पण ४२व्या अध्यायात जे दडलं होतं ते इथे उघड्यावर आलं. भीती, राग, जुना हिशोब, सगळं. मला जर विचाराल की या दोनांपैकी कोणत्या लोकांशी बोलायला पाळक म्हणून बसायला आवडेल, तर मी ४४ वाले निवडीन.

पुढच्या बैठकीत ४०:१३ पासून सुरुवात करा, जिथे योहानान गदल्याला सावध करतो, आणि ४४च्या शेवटापर्यंत एका दमात वाचा. भिंतीवर नकाशा लावायला विसरू नका.